ढिगाच्या पोटातलं तापमान

नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. दुसरीकडे नोकरी शोधायची नाही असं त्याने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं आणि पांढऱ्या कोळशाच्या मागे लागला. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तो वाळवायचा, मशीनमध्ये दाबून त्याच्या जाड कांड्या करायच्या आणि बॉयलरवाल्यांना विकायच्या, असा तो धंदा. लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, त्याने भाड्याने जागा घेतली. एक पत्र्याची शेड, एक मशीन, गेटपाशी वजनकाट्याची खोली, आणि मागच्या बाजूला बगॅसचा ढीग.

तो ढीग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. दुमजली घराएवढा उंच होता. गाळपाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, मशीन मात्र वर्षभर चालवायचं, म्हणून मिळेल तेवढा माल उचलून रचून ठेवला होता. जवळ गेलं की आंबूस-गोड वास यायचा, रसवंतीच्या मागच्या बाजूला येतो तसा.

मी शहरातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. राहायला आम्ही हडपसरला. लग्नाआधीची ओळख, त्यामुळे आमच्यात अरे-तुरेच चालतं. हे सांगायचं कारण एवढंच, की त्या हिवाळ्यात आम्ही एकमेकांशी जे बोललो ते फार सभ्य नव्हतं.

सुरुवात अगदी साधी झाली. डिसेंबरात एकदा जेवताना तो म्हणाला, "ढिगाच्या आत हात घालवत नाही, एवढा गरम झालाय. बाहेर सगळे स्वेटर घालून फिरतायत आणि आत चहा उकळेल."

"मोजतोस का?"

"मोजतो की. लांब सळीचा थर्मामीटर आणलाय. कारखान्यातल्या माणसाने सांगितलं होतं, लक्ष ठेवा म्हणून."

त्याच आठवड्यात मला वर्गात क्वाड्रॅटिक मॉडेल शिकवायचं होतं. दरवर्षी मी तेच उदाहरण द्यायचे. गाडीचा वेग, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेपर्यंत कापलेलं अंतर. मुलं ते उतरवून घेतात आणि खिडकीबाहेर बघतात. मला वाटलं, खरा, ताजा, रोज येणारा डेटा दिला तर निदान अर्धी तरी जागी राहतील. मी नवऱ्याला म्हटलं, रोज सकाळी आकडा पाठवत जा. सळी त्याच जागी घालायची, तेवढ्याच खोलीवर, त्याच वेळेला. तो म्हणाला, "आज्ञा." आणि खरंच रोज थर्मामीटरच्या तबकडीचा फोटो पाठवायला लागला.

पहिले काही दिवस आकडे फारच कंटाळवाणे होते. रोज थोडी वाढ. मुलांनी आलेखावर ठिपके मांडले, त्यांच्यामधून सरळ रेष काढली, आणि ती चांगली बसली. एवढी चांगली बसली की मलाच वाईट वाटलं, कारण मला वक्र शिकवायचा होता.

तिथे रखवालदार म्हणून एक जोडपं राहत होतं. यवतमाळकडचं. त्यातला नवरा मशीनवरही काम करायचा. त्याच्या बायकोचं वय पंचविशीच्या आतबाहेर, बोलायला फटकळ, आणि वर्षाची एक मुलगी. त्यांची खोली ढिगाला लागूनच होती. तीन बाजूंना विटा आणि मागची भिंत पत्र्याची, जिच्या पलीकडे थेट बगॅस. डिसेंबरातल्या एका रविवारी मी गेले होते तेव्हा तिने मला मुद्दाम आत नेलं.

"हात लावून पाहा जी भिंतीले," ती म्हणाली.

पत्रा छान उबदार होता. दुपारी उन्हात ठेवलेल्या पातेल्यासारखा.

"तिकडं शेकोटीपाशी बसून बी थंडी जात नाही. इथं पोरगी रातभर हलत नाही." पाळणा तिने त्या भिंतीपाशीच बांधला होता. बाहेर ढिगाच्या पायथ्याशी चार-पाच कुत्री एकमेकांना चिकटून झोपलेली होती. सगळ्यांनाच ती ऊब आवडली होती. मलाही आवडली, खोटं कशाला सांगू.

जानेवारीत आकड्यांची चाल बदलली. पण आलेखावर ते चटकन दिसत नाही, ठिपके वरच चढत असतात आणि डोळ्याला सगळं सरळ वाटतं. म्हणून मी मुलांना पुढची पायरी करायला लावली. प्रत्येक दिवशी रेषेने सांगितलेलं तापमान आणि खरं तापमान यांतला फरक काढायचा, आणि फक्त ते फरक वेगळे मांडायचे. रेष योग्य असेल तर हे फरक वर-खाली कसेही विखुरलेले दिसतात. आमचे तसे दिसत नव्हते. सुरुवातीचे वर, मधले सगळे खाली, शेवटचे पुन्हा वर.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ते हसतंय."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. फळ्यावर खरोखरच ओठांचा आकार दिसत होता, दोन्ही कोपरे वर गेलेला.

मग आम्ही क्वाड्रॅटिक बसवलं. त्यात तीन संख्या लागतात. एक सुरुवातीची, दुसरी दिवसांच्या पटीतली, आणि तिसरी दिवसांच्या वर्गाच्या पटीतली. सगळा खेळ त्या तिसऱ्या संख्येचा. ती शून्य असेल तर उरते नुसती रेष. उणे असेल तर वक्र वर जाऊन परत खाली वळतो. आमची तिसरी संख्या अधिक आली. लहानशी होती, दशांशचिन्हानंतर एक शून्य असलेली. पण अधिक. म्हणजे रोज तापमान वाढत होतं एवढंच नाही, रोजची वाढ आदल्या दिवशीच्या वाढीपेक्षा मोठी होती. ठिपके वक्रावर असे बसले की एका मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही हा डेटा बनवलाय का?"

मी दरवर्षी वर्गाला बजावते की आपल्याकडे जितक्या दिवसांची माहिती आहे तितक्यापुरताच वक्र खरा. त्याच्या पुढे तो वाढवून बघू नये. त्या दिवशी मीच फळ्यावर लिहिलं, 'पुढच्या सोमवारी किती?' मुलांनी आकडा काढला. दोघातिघांनी एकदमच ओरडून सांगितला. मी तो लिहिला आणि तास संपायच्या आधीच फळा पुसून टाकला.

त्या आकड्याचा अर्थ मला तोवर कळत नव्हता. संध्याकाळी घरी बसून वाचलं. ओला चोथा रचून ठेवला की आत जंतू वाढतात, ते ऊब निर्माण करतात. एका मर्यादेनंतर तेच त्या उष्णतेने मरतात आणि बहुतेक ढीग तिथून थंड होत जातात. काही मात्र थंड होत नाहीत. त्यांच्यात जंतूंशिवायच उष्णता तयार व्हायला लागते, आणि ती बाहेर पडायला वाट नसेल तर पुढे काय होतं ते सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. सोमवारचा आकडा त्या मर्यादेच्या बराच वर होता.

नवरा आला तेव्हा मी कागद त्याच्यापुढे ठेवला.

"तुझ्या वर्गाला दुसरा उद्योग नाही का?" तो म्हणाला.

"तो शेवटचा भाग बघ."

"बघितला. रोज दोन डिग्री वाढतंय. महिना आहे हातात. तोवर निम्मा माल मशीनमधून गेलेला असेल."

"रोज दोन नाही. दोन मागच्या आठवड्यात होती. आता तीनच्या वर आहे."

"मग?"

"मग उद्या अजून जास्त. वाढच वाढतेय. तू रेष धरून बसलायस."

"आणि तू पुस्तक धरून." त्याने कागदाची घडी घालून ती पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. "ढीग फोडायचा म्हणजे काय असतं माहितेय? जागा कुठे आहे पसरायला? शेजारच्या शेतात टाकू?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. जागा नव्हतीच. पण त्या रात्रीपासून मला सकाळच्या फोटोची धास्ती वाटायला लागली. फोटो उघडायच्या आधी मी मनात वक्रावरचा आकडा धरायचे आणि काटा बरोबर तिथे असायचा. आपलं भाकीत खरं ठरलं की माणसाला बरं वाटतं, निदान माझ्यासारख्या माणसाला तरी. त्या आठवड्यात बरं वाटण्याची ती सवय मला नकोशी झाली.

शुक्रवारी आकडा खाली आला. थोडाथोडका नाही, चांगला दहा-बारा अंशांनी. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'तुझा वक्र झोपला.' पुढे दात काढणारं तोंड.

मला हायसं वाटलं आणि मी दिवसभर त्याबद्दल विचार केला नाही. शनिवारी सकाळी वर्गात तो ठिपका फळ्यावर चढला. सगळ्यांपासून तुटलेला, खाली. वर्गात लगेच दोन तट पडले. काही म्हणाले मॉडेल चुकलं. काही म्हणाले ठिपका चुकलाय, वगळून टाका. मी नेहमीचं उत्तर दिलं की आवडला नाही म्हणून ठिपका वगळता येत नाही, आणि आवडला म्हणून ठेवताही येत नाही. आधी तो कुठून आला ते विचारायचं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी बोलता बोलता थांबले. कारण मी विचारलंच नव्हतं.

तास संपल्यावर पॅसेजमधून फोन लावला.

"काल सळी कुठे घातली होतीस?"

"तिथेच."

"तिथेच म्हणजे?"

"म्हणजे जरा बाजूला. चार-पाच फुटांवर."

"का?"

मशीनचा आवाज येत होता. तो आवाजापासून लांब गेला असावा, कारण नंतरचं स्पष्ट ऐकू आलं. "नेहमीच्या जागी आत जाईना. काहीतरी कडक लागत होतं. आणि दांडा धरवेना, चटका बसत होता."

"आणि आज?"

"आजही बाजूलाच घातली."

मी दुपारचं प्रॅक्टिकल रद्द केलं आणि स्कूटर काढली. सोलापूर रस्त्यावर नेहमीचीच कोंडी, मांजरीच्या फाट्यापाशी ट्रक आडवा झालेला. उन्हात उभं राहून मी मनातल्या मनात सोमवारचा आकडा परत काढत होते. दोन दिवस आहेत, असं स्वतःला सांगत होते. सोमवार दुपारपर्यंत पुष्कळ काही करता येईल.

गेटच्या आत शिरताच वास बदललेला जाणवला. आंबूसपणा गेला होता. गूळ करपल्यासारखा वास येत होता, जड, घशाला चिकटणारा. ढिगाच्या पायथ्याशी एकही कुत्रं नव्हतं. ती सगळी गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, उघड्यावर जाऊन बसली होती.

मी आधी रखवालदाराच्या खोलीकडे गेले. त्याची बायको भाकऱ्या थापत होती. मुलगी पाळण्यात झोपलेली, पाळणा त्याच भिंतीला. मी भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. पत्र्यावर खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगली होती. ती खालच्या बाजूने वितळून पत्र्याला चिकटली होती.

"ही कधी झाली अशी?"

"झाली कालपासून," ती म्हणाली. "ऊन तापते ना."

ढिगाच्या सावलीतल्या त्या भिंतीवर ऊन कधीच पडत नव्हतं.

"पाळणा सोड. सामान काढ बाहेर. आजच्या आज वजनकाट्याच्या खोलीत जायचं तुम्ही."

"काहून?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्या खोलीच्या खिडकीले तावदान बी नाही. पोरगी थंडीनं मरून जाईन तिथं."

"इथे आग लागेल."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मग बाहेर ढिगाकडे. ढीग शांत होता, धूर नाही, काही नाही. "कोन म्हनलं?"

वक्र म्हणाला, असं कसं सांगणार? मी म्हटलं, "मी म्हणतेय." आणि पाळण्याची दोरी सोडायला लागले. तिने माझा हात धरला. चांगला घट्ट धरला. मुलगी जागी होऊन रडायला लागली आणि त्या आवाजाने माझा नवरा धावत आला.

"काय चाललंय?"

"सळी आण," मी म्हटलं. "जुन्या जागी घालू. माझ्यासमोर."

तो काहीतरी बोलणार होता, पण ती पिशवी त्याला दिसली. तो गेला, हाताला गोणपाट गुंडाळून सळी घेऊन आला. त्याने आणि रखवालदाराने मिळून ती ढकलली. आत एक कडक थर लागला, मग तो कोळशासारखा मोडला आणि सळी एकदम आत गेली, जणू पुढे काही नव्हतंच. काटा चढायला लागला. शुक्रवारचा आकडा गेला. वक्राने शनिवारसाठी सांगितलेला आकडा गेला. सोमवारचाही गेला, आणि काटा थांबला नव्हता.

माझं मॉडेल चुकलेलं होतं, पण नवऱ्याला वाटत होतं त्या बाजूने नाही. ढीग वक्राच्याही पुढे पळाला होता. क्वाड्रॅटिकला एवढंच माहीत असतं की वाढीची वाढ रोज सारखीच राहील. आगीला तेवढाही नियम नसतो.

नवऱ्याने सळी सोडून दिली. ती तशीच ढिगात अडकून राहिली. तो रखवालदाराला म्हणाला, "सगळं सामान काढ. आत्ता." आवाज चढवला नाही, पण त्या दोघांनी मुकाट्याने पाळणा सोडला.

फोन झाले. जेसीबीवाला सकाळी येतो म्हणाला, पाण्याचे टँकरही सकाळीच. अग्निशमनच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि बजावलं, पाणी हाताशी असल्याशिवाय ढीग फोडू नका, आत हवा गेली की भडकेल; फोडायच्या वेळी कळवा. रात्र आम्ही गेटपाशी नवऱ्याच्या गाडीत बसून काढली. त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ढीग काळा आणि गप्प होता.

उजाडताना मी खाली उतरले. आजूबाजूच्या उसावर, शेडच्या पत्र्यांवर दव होतं. ढिगाचा माथा कोरडा होता. त्याच्या मधोमध एक खोलगट भाग पडला होता, आदल्या संध्याकाळी नव्हता तो. आतलं काहीतरी जळून रिकामं झालं होतं आणि वरचं त्यात बसत चाललं होतं.

टँकर आले, जेसीबी आला. ड्रायव्हरने ढिगाकडे पाहून विचारलं, "यात काय हाय?"

"आग," नवरा म्हणाला.

"दिसत तर नाय."

त्याने पहिला घास काढला. आतून ओला, करडा धूर बाहेर आला आणि जमिनीलगत पसरला. दुसरा घास काढला तेव्हा आतलं सगळं काळं होतं, विहिरीच्या तोंडासारखं. मग त्या काळ्यात एक लाल रेघ उमटली, श्वास घेतल्यासारखी फुलली, आणि पुढच्या क्षणी ज्वाळा बाहेर. ड्रायव्हरने जेसीबी मागे घेतला तो थेट गेटपर्यंत. टँकरचं पाणी पडत होतं तिथे वाफ होत होती आणि आग दुसऱ्याच बाजूने वर येत होती, पत्र्याच्या भिंतीच्या बाजूने. तो पत्रा आधी निळसर झाला, मग लाल, मग आत वाकला. खोलीचं छप्पर त्यावर बसलं. आत काही नव्हतं. एक चूल, आणि खिळे.

कळवून ठेवलेले बंब आले. दोन दिवस ढीग धुमसत राहिला. मशीनची मोटर वाचवायला नवरा धुरात शिरला आणि नंतर कितीतरी दिवस खोकत होता. ऊसवाल्या शेजाऱ्याने येऊन त्याच्या कडेच्या सऱ्या करपल्याचं दाखवलं, शिव्या दिल्या आणि नंतर चहा पाठवला. माणसाला कुणाला काही झालं नाही. हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या लोकांना सांगितलं की त्याचा अर्थ उरला नाही.

मला वाटलं होतं, रखवालदाराची बायको माझ्याशी मोकळं बोलेल. तिचा नवरा बोलला, हात जोडून, ओशाळवाणा होऊन. ती नाही. काट्याच्या खोलीच्या दारात बसून माझ्याकडे बघत राहायची आणि मी जवळ गेले की मुलीला आत घेऊन जायची. मला वाटलं, तो हात धरल्याचा राग असेल किंवा शरम.

पंधरा दिवसांनी त्यांनी काम सोडलं. मांजरी गावात एका बांधकामावर ओळखीचं कुणी होतं. मी मुलीसाठी एक स्वेटर नेला होता. टेम्पोत सामान चढलेलं, ती मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मी स्वेटर पुढे केला. तिने घेतला. मग मी मुलीच्या गालाला हात लावायला गेले तर तिने पदर ओढून मुलीचं तोंड झाकलं.

"काय झालं?"

"काही नाही जी."

"माझी भीती वाटते का?"

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मग ती खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "तुमाले आधीच दिसते ना, मॅडम. ढिगाचं दिसलं. इचं काही दिसलं असन तर सांगू नका. तुमी बोलता अन् मग ते होते."

मला तिला सांगायचं होतं की तसं नसतं. की आकडे असतील तरच काही सांगता येतं, तेही थोडंच, आणि तेही चुकतं. मी वर्गात हे वर्षानुवर्षं सांगत आलेय, मला ते तोंडपाठ आहे. पण ती मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन, माझ्यापासून लांबच्या बाजूने टेम्पोत चढली.

नवऱ्याने धंदा सोडला नाही. आता तो माल पसरून, कमरेएवढे लहान ढीग लावतो, त्यांच्यात वाट ठेवतो, आणि सळी तीन ठिकाणी घालतो. मला आकडे पाठवत नाही. मी मागतही नाही. खोकला गेला असं तो म्हणतो. सकाळी तो न्हाणीघरात असताना मी स्वयंपाकघरात उभी असते आणि दाराआडून खोकल्याचा आवाज येतो, काल आला होता त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मी मिक्सर लावते.